इंग्रजी आठ

मेव्हणा मस्कतला नोकरीला गेला आणि जाताना त्याची मोटरसायकल आमच्या पार्किंगमध्ये लावून गेला. "दाजी, आठवड्यातून एकदा चक्कर मारत जा, नाहीतर बॅटरी उतरेल," एवढं सांगून त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. मीही ती मोठ्या जबाबदारीने खिशात घातली. सा कुठला हे माहीत नसलेल्या माणसाला कुणी हार्मोनियम सांभाळायला द्यावी, तशी ती किल्ली. वय वर्षं सेहेचाळीस, जन्म पुण्याचा, शाळा पुण्याची, नोकरी पुण्यातल्याच बँकेत, आणि गाडी येत नाही! ही गोष्ट तोवर घराबाहेर फुटली नव्हती. सायकल आणि पीएमटी यांच्यावर मी आयुष्य काढलं होतं, आणि उरलेलं बायकोच्या ॲक्टिवावर मागे बसून.

मागे बसण्याचीही एक विद्या असते. मांडीवर भाजीची पिशवी, त्यावर दूध, त्यावर स्वतःचा हात आणि दुसरा हात सिग्नल द्यायला बाहेर. चौदा वर्षांत मी त्यात निष्णात झालो होतो. पण खालच्या मजल्यावरच्या मुलाने एकदा विचारलं, "काका, काकूंनी तुम्हाला गाडी का नाही शिकवली?" आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता हे उरकून टाकलं पाहिजे.

मी सोसायटीत जाहीर केलं, "मी मोटरसायकलचा क्लास शोधतोय." सगळ्यांचं उत्तर एकच. "त्यात शिकायचं काय?"

आपल्याकडे तबल्याला गुरू लागतो. पोहायला टिळक तलावाची बॅच लागते. उकडीच्या मोदकाचेसुद्धा क्लास निघालेत आणि ते भरतात. मोटरसायकल मात्र शिकायची गोष्ट नाही, ती यायची गोष्ट आहे. दात येतात, मिसरूड येते, तशी गाडी येते. कशी आली ते कुणाला सांगता येत नाही. फार खोदून विचारलं तर कुणाचे तरी मामा, कुठलं तरी रिकामं शेत आणि एक बांध निघतो. बांधापाशी गोष्ट संपते, कारण गाडीही तिथेच थांबलेली असते.

मोफत सल्ला मात्र भरपूर. एका रविवारी मी गाडीचं कव्हर काढायला आणि चारजण पार्किंगमध्ये जमायला एकच गाठ पडली. तळमजल्यावरच्या नानांनी तीस वर्षं बुलेट चालवलेली. ते म्हणाले, "गिअर उजव्या पायात. पहिला वर, बाकीचे खाली." शेजारचे लेले म्हणाले, "नाना, काहीतरी काय! गिअर डाव्या पायात, आणि सगळे पुढे दाबायचे. दाबत जायचं." लेल्यांची स्प्लेंडर आहे. तिसऱ्या मजल्यावरचा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह मुलगा म्हणाला, "काका, दोघांचंही ऐकू नका. पहिला खाली, बाकीचे वर उचलायचे." जिन्यातून उतरणारे देशपांडे काका, ज्यांची चेतक अजून पार्किंगच्या कोपऱ्यात उभी आहे, ते म्हणाले, "पाय कशाला मध्ये आणताय? गिअर हातात असतो. डाव्या मुठीत. क्लच दाबायचा आणि मूठ फिरवायची."

वाद रंगला. चौघांनी चौघांना गाडी येत नाही हे सिद्ध केलं. शेवटी पाण्याचा टँकर आला, त्याला वाट द्यायला सगळे पांगले आणि मी कव्हर परत घातलं. हे चौघेही खरं बोलत होते, हे मला पुढे तीन महिन्यांनी कळलं. जुन्या बुलेटचा गिअर खरोखरच उजवीकडे होता आणि पहिला वर होता. स्प्लेंडरचे सगळे पुढेच पडतात. मेव्हण्याच्या पल्सरचा पहिला खाली आणि उरलेले चार वर. चेतकचा तर हातातच. १९७२ साली चेतक आणि लुना ही दोन्ही पुण्याच्या घराण्यांची अपत्यं रस्त्यावर आली, तेव्हापासून या शहरातला प्रत्येक माणूस आपल्या पहिल्या गाडीलाच गाडी समजतो.

निघताना मात्र चौघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. "काहीही करा, पुढच्या ब्रेकला हात लावू नका. तोंडावर पडाल." मी ते पाठ केलं.

मग क्लासची शोधाशोध. पहिला क्लास घराजवळचाच. आठ बाय दहाचा गाळा, भिंतीवर वाहतूक चिन्हांचा तक्ता, तक्त्यावर गणपती, गणपतीला हार. मी म्हटलं, "टू-व्हीलर शिकायची आहे."

"मॅडमसाठी का?"

"नाही, माझ्यासाठी."

"ॲक्टिवा?"

"गिअरची."

मालकांनी चष्मा काढला, मला नीट पाहिलं आणि आत हाक मारली, "अरे, जरा बाहेर ये." आतला मुलगा आला. त्यानेही मला पाहिलं. मग दोघांनी मिळून समजावलं की त्यांच्याकडे चारचाकी आहे, आणि महिलांसाठी महिला प्रशिक्षकाकडून ॲक्टिवा आहे, पण गिअरची गाडी शिकायला गेल्या कित्येक वर्षांत कुणी आलेलं नाही. "पोरं येतात ती शिकूनच येतात साहेब. लायसन्ससाठी येतात."

दुसऱ्या क्लासने सहा दिवसांची गॅरंटी दिली. कसली गॅरंटी म्हणून विचारलं तर लायसन्सची. "आणि गाडी?" "गाडी काय, येईल की हळूहळू." तिथे मी एक नमुना तास घेतला. त्यांची मोटरसायकल नवरदेवाच्या घोडीसारखी सजवलेली होती. कुठे ओरखडा नाही, आरसे चकचकीत, टाकीवर मखमली कव्हर. मी पुढे बसलो. सर मागे बसले, माझ्या दोन्ही काखांखालून हात घालून त्यांनी माझ्या मुठींवर आपल्या मुठी ठेवल्या, आणि आम्ही निघालो. वीस मिनिटं फिरलो. गिअर पडले, सिग्नल लागला, वळणं आली. मी एकदाही घाबरलो नाही, कारण माझा त्या प्रवासाशी काही संबंधच नव्हता. उतरल्यावर सर म्हणाले, "चांगला हात आहे तुमचा." कुठला, हे मी विचारलं नाही.

तिसरा क्लास म्हणजे अकादमी. नाव परदेशी, फी आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी, आणि पहिल्याच पानावर सही मागणारा कागद: मला काही झालं तर जबाबदारी माझी. तिथली मुलं पंचविशीची, अंगात चामड्याची जाकिटं, गुडघ्यांना कासवाच्या पाठीसारख्या वाट्या. एकाने विचारलं, "सर, तुमची बाइक कुठली?" मी म्हटलं, "मेव्हण्याची." तिथे वळणावर गाडी इतकी झुकवायला शिकवतात की गुडघा रस्त्याला लागतो. मला मंडईत जायचं होतं. मंडईच्या वळणावर गुडघा काढला तर तो शेवग्याच्या शेंगांच्या ढिगात जाईल. या मंडळींना नावं ठेवायची नाहीत. शिकवत होती ती मन लावून, पण ज्याला आधीच येतं त्याला. बिगारीवाल्याला थेट एम.ए.च्या वर्गात बसवलं तर दोष एम.ए.चा नसतो.

आता मी बँकेतला माणूस. काही अडलं की आम्ही परिपत्रक काढून बघतो. म्हणून मी १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम काढले. मोठं करमणुकीचं वाचन आहे, लोक उगीच त्याला नावं ठेवतात. चोविसाव्या नियमात ड्रायव्हिंग स्कूलकडे काय काय हवं याची यादी आहे. फळा हवा. चिन्हांचे तक्ते हवेत. पंक्चरचं सामान, जॅक, हवा मोजायचं यंत्र, पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडा हवा. प्रथमोपचाराची पेटी हवी, ती हातोड्यानंतर लागतच असणार. शिकवणारा निदान दहावी पास आणि पाच वर्षांच्या अनुभवाचा हवा. खासगी वाहनासाठी शिक्षण किमान एकवीस दिवस चालावं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान दहा तास व्हावं. सहा दिवसांची गॅरंटी कुठल्या नियमात बसते ते मी पुष्कळ शोधलं.

पण त्यातलं सगळ्यात सुंदर वाक्य पुढे आहे. शिकवायच्या प्रत्येक गाडीला शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक हवा, असा नियम आहे. मोटरसायकल वगळून! कायद्याने हात जोडून सांगितलं आहे की बाबांनो, इथे आमचा नाइलाज आहे. चारचाकीत तुम्ही चुकलात तर शेजारचा माणूस ब्रेक दाबतो. मोटरसायकलवर तुम्ही आहात आणि तुमचं नशीब आहे. त्या सजवलेल्या गाडीवरचे सर मला का मिठी मारून बसले होते, ते तेव्हा उमगलं. ते स्वतःच दुसरा ब्रेक झाले होते.

नियमांनी बळ येतं. चौथ्या क्लासात मी शिरलो तोच ताठ मानेने. "तुमचं नमुना चौदाचं रजिस्टर आहे का? आणि नमुना पंधरा? विद्यार्थ्याने किती तास गाडी चालवली त्याची नोंद असते ते?" मालक उठून उभे राहिले. खुर्ची पुसली गेली. चहा आला, मग बिस्किटं आली. मी म्हटलं, "आणि हातोडा?" मालकांचा आवाज बारीक झाला. "साहेब, आपण कुठल्या ऑफिसातून?" मी बँकेचं नाव सांगितलं. बिस्किटं परत गेली.

याच सुमारास नागोयाहून भाच्याचा फोन आला. तो तिथे नोकरी करतो आणि त्याने तिथे मोटरसायकलचं लायसन्स काढलं आहे. जपानमध्ये एक फळी असते म्हणे, पंधरा मीटर लांब आणि जेमतेम फूटभर, म्हणजे तीस सेंटिमीटर रुंद. तिच्यावरून गाडी न्यायची. "किती सेकंदांत?" मी विचारलं. "मामा, उलटं आहे. सात सेकंदांच्या आत गेलात तर गुण कापतात. हळू जाता आलं पाहिजे." शिवाय आडवी पडलेली गाडी एकट्याने उभी करता यावी लागते. मी फोन ठेवला आणि पार्किंगमधल्या त्या चारही तज्ज्ञांना मनातल्या मनात त्या फळीवरून नेऊन पाहिलं. एकही पलीकडे पोचला नाही.

चांगला क्लास शेवटी मला पंक्चरवाल्याने दाखवला. ही गोष्ट मी आता सगळ्यांना सांगत असतो. क्लासची चौकशी क्लासात करू नये, पंक्चरवाल्याकडे किंवा गॅरेजवाल्याकडे करावी. डॉक्टर कसा आहे हे औषधांच्या दुकानदाराला जितकं कळतं, तितकं डॉक्टरालाही कळत नाही. मी सायकलचं पंक्चर काढून घेत होतो. तो म्हणाला, "नदीपात्रात एक मास्तर आहेत. त्यांच्या गाड्या आमच्याकडेच येतात. लिव्हर मोडलेल्या येतात, इंडिकेटर फुटलेले येतात. पण क्लच प्लेट जळाली म्हणून कधी आली नाही बघा."

मी घरी येईपर्यंत या वाक्यावर विचार करत होतो. लिव्हर मोडते म्हणजे मुलं पडतात. मुलं पडतात म्हणजे गाडी खरंच मुलांच्याच हातात असते. आणि क्लच प्लेट जळत नाही म्हणजे पडेपर्यंत का होईना, ती नीट चालवतात. त्या मखमली कव्हरवाल्या गाडीला ओरखडा का नव्हता, तेही मग लक्षात आलं. त्या गाडीवर आजवर कुणी शिकलेलंच नव्हतं.

मास्तर दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. नदीपात्रात, मेट्रोच्या खांबांच्या कडेला, सकाळी साडेसहाला दोन जुन्या शंभर सीसीच्या गाड्या घेऊन उभे. दोन्ही गाड्या दोन्ही अंगांनी सारख्या खरचटलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि परत पाठवलं. मी चप्पल घालून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी बूट घालून गेलो. डोक्यावर बायकोचं हेल्मेट होतं. हेल्मेटवरून थोडं सांगायला हवं. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटची कारवाई सुरू झाली तेव्हा विरोधात कृती समिती उभी राहिली होती, आणि मी मनाने समितीत होतो. मान अवघडते, ऐकू येत नाही, केस जातात, असे सगळे मुद्दे मला पाठ होते. (केस त्याआधीच गेले होते.) मास्तरांना मी त्यातला पहिला मुद्दा सांगायला घेतला. ते म्हणाले, "डोकं तुमचं आहे, पण क्लास माझा आहे." आयएसआयचा शिक्का बघितला, पट्टा ओढून बघितला आणि म्हणाले, "हं. आता गाडी पाडा."

"म्हणजे?"

"पाडा गाडी. त्या पोत्यावर."

चालू न केलेली गाडी मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली आणि आज्ञेप्रमाणे पाडली. तेवढं मला लगेच जमलं. मग म्हणाले, "उचला." मी आपलं वाकून, हँडल धरून, पोतं उचलतात तशी ओढायला लागलो. गाडी हलेना. कमरेतून मात्र आवाज आला. मास्तरांनी मला बाजूला केलं. आधी किल्ली बंद. गाडी गिअरमध्ये, म्हणजे उठताना पळणार नाही. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलेलं. मग गाडीकडे पाठ करून उकिडवं बसायचं, सीटला कंबर टेकवायची, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागची दांडी, आणि मागे मागे पावलं टाकत उभं राहायचं. कंबर काही करत नाही, सगळं काम मांड्यांचं. एकशे दहा किलोच्या आसपासची गाडी भोकाड थांबवलेल्या पोरासारखी निमूट उभी राहिली. त्या दिवशी मी ती सात वेळा पाडली आणि सात वेळा उचलली. इंजिन काही सुरू झालं नाही. घरी बायकोने विचारलं, "किती चालवलीत?" मी म्हटलं, "अजून उचलतोय."

पुढचे चार दिवस क्लच. ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. सपाट जमिनीवर पहिला गिअर टाकून नुसता क्लच हळूहळू सोडला तर गाडी आपली आपण चालायला लागते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या हातून मात्र ती पहिल्यांदा उडी मारून बंद पडली. मग दुसऱ्यांदा. विसाव्या वेळी मास्तर म्हणाले, "साहेब, मुलं आहेत ना घरी? तान्हं मूल मांडीवर झोपलं की त्याच्या मानेखालून हात कसा काढायचात? तसा क्लच सोडा." हात आपोआप हळू झाला. गाडी चालायला लागली.

तिला तसंच, पाय न टेकता, विटांच्या दोन ओळींमधून जितकी हळू नेता येईल तितकी न्यायची. या प्रकाराला हाफ क्लच म्हणतात आणि सगळी मोटरसायकल यात आहे, असं मास्तरांचं मत. नदीपात्रात सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. एक आजोबा काठी टेकत माझ्या बाजूने आले, माझ्या पुढे गेले आणि बऱ्याच पुढे जाऊन त्यांनी वळून काळजीने पाहिलं. मास्तर खूश झाले. "वा! आता जमतंय."

मग ब्रेकचा दिवस आला. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही." मास्तरांनी कपाळाला हात लावला. "एसटीने ब्रेक मारला की उभे पॅसेंजर कुठे जातात?"

"पुढे. ड्रायव्हरच्या अंगावर."

"म्हणजे वजन कुठल्या चाकावर आलं?"

"पुढच्या."

"मग रस्त्याला घट्ट कुठलं चाक धरणार? आणि तुम्ही ब्रेक कुठला मारणार? मागचा? जो हवेत उचलला चाललाय तो?"

मी गप्प. गिअरच्या बाबतीत चार माणसांनी चार उलटसुलट गोष्टी सांगितल्या होत्या आणि चारही खऱ्या निघाल्या. ब्रेकच्या बाबतीत चौघांचं एकमत होतं आणि तेवढंच चुकीचं निघालं. दोन्ही ब्रेक एकत्र लावायचे, हँडल सरळ असताना लावायचे, आणि पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. लिंबू पिळायचं, पण बी फुटू द्यायची नाही. रस्त्यावर वाळू किंवा खडी असेल तर पुढचा फार जपून. फक्कीच्या रेषेवर थांबायचं, इतकंच काम, पण ते मी तीन सकाळी केलं. पहिल्या दिवशी रेष ओलांडून पार खांबापर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी पुढचं चाक रेषेवर उभं राहिलं आणि मला जो आनंद झाला तो प्रमोशनच्या वेळी झाला नव्हता.

रस्त्यात पाण्याची एक रिकामी बाटली पडली होती. मी तिला तीनदा चिरडली. अख्खं नदीपात्र मोकळं असताना! मास्तर म्हणाले, "तुम्ही तिच्याकडे बघताय. नजर जिथे जाते तिथे गाडी जाते. चुकवायचं असेल त्याच्याकडे बघू नका, जायचं असेल तिकडे बघा." पुण्यात इतकी माणसं नेमकी खड्ड्यातच कशी जातात, हे कोडं माझ्यापुरतं सुटलं. आपण सगळे खड्ड्याकडे फार निरखून बघतो.

जुलैत वेगळीच भानगड. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि नदीपात्रातला रस्ता, पर्यायाने आमचा क्लासही. मास्तर पेपरात आधी विसर्गाचा आकडा बघतात. मला फोन केला तर, "आज पाणी आहे," एवढंच. असे एकवीस दिवसांचे चौतीस झाले. फी तेवढीच.

पाणी ओसरल्यावर लायसन्सच्या चाचणीतला आठ काढायची पाळी आली. मास्तरांनी जमिनीवर काही काढलं नाही. लांब दोन विटा ठेवल्या आणि म्हणाले, "साहेब, यांच्याभोवती आठ काढा." मी मराठी माध्यमाचा. बँकेत गेली वीस वर्षं मराठी आकड्यांत सही-शिक्के करतोय. मी मनात आठ आणला, गाडी पहिल्यात टाकली, वरून सुरुवात केली, डावीकडून झोकात खाली आलो, उजवीकडे सुंदर गोलाई घेतली आणि सरळ नदीकडे निघालो. मराठी ८ असाच असतो. तो जातो तो परत येत नाही. मागून मास्तर ओरडत होते, "अहो, इंग्रजी! इंग्रजी आठ!"

कागदपत्रांचं फार सांगत नाही. शिकाऊ लायसन्सची परीक्षा हल्ली घरी बसून देता येते आणि त्यानंतर महिनाभर थांबून पक्क्या लायसन्सला जाता येतं. चाळिशीच्या पुढच्यांना डॉक्टरचा दाखला लागतो, त्यात लांबून गाडीचा नंबर वाचता येतो का असा प्रश्न आहे. आमच्या डॉक्टरांनी मला खिडकीशी नेलं आणि खालच्या जीपची पाटी वाचायला सांगितली. मी म्हटलं, "दादा." त्यांनी स्वतः वाकून पाहिलं, "बरोबर," म्हणाले आणि सही केली. नंबर ४१४१ होता.

चाचणीच्या दिवशी माझ्या पुढे सतरा मुलं होती. सगळी सुसाट येत होती, आठ काढत होती, काहींचा पाय टेकत होता. पाय टेकला की नापास. माझा नंबर आला. हाफ क्लच धरून मी इतका सावकाश इंग्रजी आठ काढला की अधिकाऱ्यांनी मधे एकदा घड्याळ पाहिलं. पास झालो. पण परत येताना एक गोष्ट मनातून जाईना. त्या पाऊण मिनिटात मला ब्रेक लावायची वेळच आली नव्हती. थांबता येतं का, हे मला कुणी विचारलं नाही. आणि जे परीक्षेत येत नाही ते क्लासात शिकवत नाहीत, हे आपल्याकडे पहिलीपासून ठरलेलं आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यांत दर शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. "त्यात शिकायचं काय?" म्हणणाऱ्यांना मी हल्ली हा आकडा सांगतो. ते म्हणतात, "तुम्ही फारच मनावर घेता बुवा."

म्हणून आता कुणी मला क्लास विचारला तर मी फी विचारायला सांगत नाही. गाडीला दोन्ही बाजूंनी ओरखडे आहेत का ते बघा म्हणतो. पुढचा ब्रेक लावू का, असं मास्तरांना विचारा. "नको" म्हणाले तर चहा पिऊन निघा. पहिल्या दिवशी रस्त्यावर नेतो म्हणाले तर चहाही पिऊ नका. पॅकेजमध्ये लायसन्सचा उल्लेख गाडीच्या आधी आला, तर तो क्लास ज्यांना गाडी आधीच येते त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांनाही येत नाहीच.

बॅटरी उतरायची ती तोवर उतरलीच होती. मेव्हण्याला कळवलेलं नाही, नवीन घातली. आता दर रविवारी मंडईत जातो. बायको मागे बसते, मांडीवर पिशवी, पिशवीवर दूध. वळणावर हात बाहेर काढून तीच सिग्नल देते, कारण इंडिकेटर मी अजून विसरतो.

मास्तरांचा क्लास नदीपात्रात, भिडे पुलाच्या अलीकडे, सकाळी साडेसहाला असतो. जाताना बूट घाला. आणि खडकवासल्यातून पाणी सोडलेलं नाही ना, ते आधी पेपरात बघा.